डाव्या हाताचं रक्त

कर्जत
रविवार, १९ जानेवारी २०२५

रोहिदास,

फोन कापायचाच असेल तर पहिल्या रिंगला कापत जा. चार-पाच वाजू देतोस आणि मग कापतोस. तेवढ्या वेळात माणसाला उगाच आशा लागते. म्हणून आता पत्र लिहिते आहे. कर्जतहून नेरळला, सख्ख्या भावाला पत्र! मधे एक भिवपुरी स्टेशन तेवढं. पण मागच्या आठवड्यात मी तुझ्या बिल्डिंगच्या गेटवर आले तर दुसरा वॉचमन म्हणाला, रोहिदास गावाला गेलाय. तुझ्या चपला केबिनच्या दाराशी होत्या. त्यातल्या एकीचा अंगठा दिवाळीत पोपटने गॅरेजमधल्या तारेने बांधून दिला होता, मी ओळखणार नाही का? नवऱ्याचं काम बायकोला कळतं. परतीची गाडी पकडली.

हे पत्र फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. वाचायला तुला मीच शिकवलंय, छड्या मारून.

जगदीश आणि निशीची सुपारी फोडायला आम्ही वाडीवर आलो, सगळी माणसं अंगणात बसली होती, आणि मी म्हटलं की सुपारीच्या आधी निशीचं रक्त तपासून घेऊ. तू ताडकन उठलास. "माजी पोरगी काय बैल हाय, दात बघून घ्यायला?" लोक हसले. एरवी मीही हसले असते. मग म्हणालास, "मास्तरीण झाली, आता आमचं रगत हिला चालत नाय." त्यावर कुणी हसलं नाही. जनाने चहाचे कप तसेच आत नेले. तू म्हणशील, चारचौघांत कशाला बोललीस. घरात बोलले असते तर ऐकलं असतंस? सांग.

माझ्या जगदीशच्या रक्तात सिकलसेलचा एक वाटा आहे. एकच, म्हणून तो ठणठणीत. साजगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून येतो आणि बसल्या बैठकीला पाच भाकरी उडवतो. तसाच एक वाटा माझ्यात आहे, एक पोपटमध्ये. माझ्या चिमीला आमच्या दोघांचेही मिळाले. आईचा एक आणि बापाचा एक. मग रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. पुढचं तुला सांगायला नको. तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात तूच पळाला होतास. नऊ वर्षांची होती, वजन काहीच नव्हतं.

निशी तुझी मुलगी. तू आणि मी एका आयच्या पोटचे. तुझं रक्त कधी कोणी बघितलं नाही, जनाचंही नाही. आपल्यात मामाची मुलगी म्हणजे हक्काची, जगदीशने लहानपणापासून दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही, निशीनेही नाही, मला ती पोटच्या पोरीसारखी. सगळं मान्य. पण त्यामुळेच भीती जास्त. एका घरातले वाटे फिरून एकमेकांना भेटतात.

आणि रक्त नासकं आहे असं मी म्हटलेलं नाही. आयला पाच मुलं झाली. आपल्या वरचा धाऊ आणि त्याच्या पाठची सोमी, दोघंही एकाच पावसाळ्यात थंडीतापाने गेली. मधली बाळी, तिचे हातपाय सुजायचे, सारखी कण्हत असायची, ती शाळेच्या वयाची झालीच नाही. उरलो आपण दोघं. आपल्यालाही ताप यायचा. गोधड्यांवर गोधड्या घालायची आय. यायचा आणि जायचा. आय म्हणते, तुमाला देवीनं राखलं.

मी दहावीला शिकवते ते तुला सांगते. आपल्या डोंगराच्या पायथ्याला तो ताप पिढ्यानपिढ्या होता. तापाचा जंतू रक्ताच्या पेशीत शिरून वाढतो. ज्याच्या रक्तात सिकलचा एक वाटा आहे त्याच्या पेशीत त्याला नीट वाढता येत नाही. असं माणूस आजारी पडतं, पण बरेचदा उठतं. साध्या रक्ताची पोरं तापाने जास्त मरायची. दोन वाट्यांची पोरं सिकलने मरायची. लग्नाच्या वयापर्यंत पोचायची त्यात एका वाट्याची जास्त. मग त्यांना पोरं व्हायची आणि त्यातल्या निम्म्यांना तो वाटा जायचा. असं शंभर पिढ्या चाललं. ह्यात कुणी काही ठरवलं नाही, देवीनेही नाही. मरणारी मेली, उरणारी उरली, आणि उरणाऱ्यांचं रक्त पुढे गेलं.

धाऊ साध्या रक्ताचा होता असं मी छातीठोक सांगत नाही. कोणी तपासलं होतं? एका घरावरून हे कळत नाही, हजार घरं मोजली की कळतं. पण आपल्या वाड्या त्या तापात टिकल्या त्यात ह्या रक्ताचा हात आहे. ते चांगलंही नाही आणि वाईटही नाही. फक्त एका वाट्याचा नवरा आणि एका वाट्याची बायको असली, की दर पोराला चारात एक धोका असतो. मला दुसरी चिमी नको. माझं म्हणणं एवढंच होतं.

निशीला दवाखान्यात घेऊन ये. एक थेंब रक्ताचा प्रश्न आहे. ती साधी निघाली तर दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू, आणि मी सगळ्या वाडीसमोर तुझ्या पाया पडेन, मोठी असून.

रागावलेली नाही. खरं तर काहीच वाटत नाही.

ताई


कर्जत
रविवार, ९ फेब्रुवारी

रोहिदास,

जनाचा फोन आला. वाडीच्या शाळेत तपासणीचं शिबिर झालं, निशीचं आणि प्रियाचं, दोघी पोरींचं रक्त साधं निघालं, कागद घरात आहे. बरं झालं. मी देवापुढे साखर ठेवली.

मग जनाने तुझा निरोप दिला. "सांग तुज्या नणंदेला, आमच्या रगतात काय नाय. आन तिच्या पोराची वाट बघत बसलो नाय आमी." निशीचं लग्न तू डोंगरापलीकडच्या वाडीत लडकूच्या मुलाशी ठरवलंस, अक्षय तृतीयेला. लडकूने कागद मागितला आणि तू तो ऐटीत दाखवलास. म्हणजे लडकूने मागितला तर चालतो. असो.

जगदीशला मी सांगितलं तेव्हा तो जेवत होता. "बरं," म्हणाला. पाचातल्या तीन भाकरी तशाच राहिल्या. पोपट म्हणाला, "पोराचं काय घेऊन बसलीस, येईल दोन दिवसांत ताळ्यावर." पोपटला सगळंच दोन दिवसांत ताळ्यावर येतं असं वाटतं, इंजिन उघडून ठेवल्यासारखं. मला विचारशील तर मला ना वाईट वाटलं ना बरं. निशी साध्या रक्ताची आहे, ती कुठेही नांदली तरी तिच्या पोटी चिमी होणार नाही. जगदीशच्या नशिबात नव्हती. संपलं.

ह्या आठवड्यात वर्गात तोच धडा होता. मी विचारलं, डास मारायची फवारणी पूर्वी चालायची, आता तीच फवारणी का चालत नाही? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, डास शिकले." तुझी आठवण झाली. लहानपणी फवारणीवाले यायचे, भिंती पांढऱ्या करून जायचे, सकाळी केरसुणीने डास भरायचे. पुढे पुढे ते त्याच भिंतीवर आरामात बसायला लागले, तेव्हा तू हेच म्हणाला होतास.

डास शिकले नाहीत रे. डास एवढासा, तो काय शिकणार? त्या हजारांत दोन-चार आधीपासूनच असे होते, ज्यांना त्या औषधाने काही होत नव्हतं. फवारणीच्या आधी त्यांना त्याचा उपयोग नव्हता. फवारणी झाली, बाकीचे मेले, हे उरले, आणि पुढची सगळी पिलावळ ह्यांची झाली. एकही डास बदलला नाही, डासांची जात बदलली. मुलांना हे पटायला फार वेळ लागतो. त्यांना वाटतं गरज पडली की जीव स्वतःला बदलून घेतो. तसं असतं तर काय पाहिजे होतं.

मग मी फळ्यावर सिकलसेल काढलं. दरवर्षी काढते. दोन्ही वाटे मिळालेली मुलं पूर्वी बहुधा मोठी होईपर्यंत टिकत नसत, असं एक वाक्य लिहून देते. मुलं उतरवून घेतात. वहीच्या एका ओळीत बसतं. शाळेतल्या बायका म्हणतात, रोहिणीबाई, तुम्ही हे कसं शिकवता, तुम्हाला काही होत नाही? नाही होत. खडूचे हात धुते आणि डबा खाते. अकरा वर्षं झाली, चिमीसाठी मी नीट रडलेली नाही. काहीतरी बसून गेलंय आत.

लग्नाला बोलवायचं की नाही ते तुझं तू बघ. निशीला साडी मात्र मी देणार. आत्या आहे मी तिची.

ताई


कर्जत
सोमवार, २४ फेब्रुवारी

रोहिदास,

हे पत्र आल्या आल्या वाच. ड्यूटी संपल्यावर नको, लगेच.

काल मी साडी घेऊन वाडीवर गेले होते. तू नव्हतास. दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं, आणि निशी त्या उन्हात गोधडी पांघरून भिंतीला टेकून बसलेली. मला बघून हसली. डोळे पिवळे होते. गुडघा सुजलेला. मी हात लावला तर ओठ आवळून बसली, ओरडली नाही. रोहिदास, तसे ओठ आवळलेले मी बघितलेत.

जना म्हणाली, "थंडीची कळ हाय वन्सं, तिला लहानपनापासून व्हते. मोळी आनली का दोन दिस पडून ऱ्हाते. आळशी हाय जरा." आय तिकडून म्हणाली, "बाळीगत करते." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

मी म्हटलं, हिचं रक्त साधं कसं? कागद बघू. कागदावर निशीचं नाव, वय, सगळं बरोबर. तेवढ्यात प्रिया कळशी घेऊन आली. मी सहज विचारलं, शिबिरात बोट टोचताना दुखलं का गं? म्हणाली, "एका हाताला नाय दुकलं, दुसऱ्याला दुकलं."

दोन हात कशाला टोचले?

"ताईचा पन मीच दिला ना. तिला त्या दिशी चालवत नव्हतं. उजव्या हाताचं माजं, डाव्या हाताचं तिचं."

मी तिथेच ओट्यावर बसले. जनाला वाटलं मला ऊन लागलं, तिने पाणी आणलं. तिला काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. म्हणाली, "रेशनला प्रियाचाच अंगठा लावतो आमी. एकीच्या अंगठ्यावर सगळ्या घराचं धान्य देतो तो. मंग रगत काय येगळं हाय? एका घरचंच ना?" प्रिया सकाळी एकदा रांगेत उभी राहिली स्वतःच्या नावावर. जेवणानंतर टेबलावरचा माणूस बदलला तेव्हा परत उभी राहिली निशीच्या नावावर. तिला तर वाटतंय बहिणीचं काम केलं. तिला ओरडू नकोस. मी ओरडले नाही.

म्हणजे तुझ्याकडे जे दोन कागद आहेत ते दोन्ही प्रियाचे. निशीचं रक्त अजून कोणी बघितलेलं नाही. आणि लडकूला तू तोच कागद दाखवलास.

मी निशीला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता कर्जतला जाऊ. जना मधे आली. "त्येंच्या शब्दाबिगर नाय. आधीच तुमच्यापायी घरात बोलनं बंद हाय." खरंच आहे तिचं, तिला तुझ्याबरोबर राहायचं आहे. निशी म्हणाली, "आत्या, बाबांना इचारा, मंग येते मी." वीस वर्षांची मुलगी, तिला विचारायची गरज नाही कायद्याने. पण ती विचारते आहे.

म्हणून मी विचारते. मला ना सुपारी पाहिजे, ना तुझी मुलगी सून म्हणून पाहिजे. तिला सासरी पाठवलंस तर आषाढात लावणीला उतरवतील, पाण्यात दिवसभर वाकून. ती नाही म्हणणार नाही. तिला आळशी म्हणतील. एक तपासणी होऊ दे. जनाला फक्त एक फोन कर, "जाऊ दे" म्हण. दोन शब्द.

ताई


कर्जत
मंगळवार, ११ मार्च

रोहिदास,

तू फोन केला नाहीस.

गुरुवारी पहाटे प्रियाने जगदीशला फोन लावला. निशीला श्वास घेता येत नव्हता. छातीत कळ, अंगात ताप. जगदीश नुकताच पाळीवरून आला होता, तोंडसुद्धा धुतलं नाही. मोटरसायकलवर मधे निशी, मागे धरायला प्रिया. जना "त्येंना इचारते" म्हणत होती, जगदीश तिला म्हणाला, "मामी, मामाला नंतर इचारा, मी चाललो." माझा मुलगा मोठ्यांना उलट बोलत नाही, तुला माहीत आहे.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. तिचं स्वतःचं रक्त घेतलं, ह्या वेळी मी शेजारी उभी होते. काल अहवाल आला. दोन्ही वाटे आहेत. एक तुझा, एक जनाचा. म्हणजे वीस वर्षं ही मुलगी चिमीच्या दुखण्यात जगली आणि आपण तिला आळशी म्हटलं.

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला बरे. म्हणाले, सगळ्यांना सारखं होत नाही, काहींच्या अंगात आईच्या पोटात असतानाचं, बाळपणीचं रक्त थोडं टिकून राहतं, ते सांभाळतं, हिला त्याने आजवर आणलं असावं. पण आता छातीत धरलंय, आता नशिबावर सोडायचं नाही. रोज एक गोळी, जन्मभर. पाणी भरपूर. ताप आला की तडक दवाखाना. जड काम नाही. एवढं केलं तर खूप वर्षं जगू शकते. मी विचारलं, ही गोळी पूर्वी होती का? म्हणाले, होती, पण खेड्यापाड्यात मिळायला उशीर लागला. चिमीच्या वेळी आपल्याला तिचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते लिहून घेतलं.

आता ज्यासाठी तू माझं तोंड बघणार नाहीस ते. मी लडकूकडे जाऊन आले. सगळं सांगितलं, कागद कोणाचा, रक्त कोणाचं. लडकू म्हणाला, "बाई, तुमी भावाचं घर मोडताय." मी म्हटलं, हो. लग्न मोडलं. तुझी वाडीत नाचक्की झाली असेल. झाली तर झाली.

निशीला मी सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मंग मी आळशी नव्हते ना?"

मी नाही म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं आता तरी मला रडू येईल. नाही आलं. मी पोपटला डबा आणायला सांगितलं.

ताई


कर्जत
रविवार, २३ मार्च

रोहिदास,

तू आलास. वॉचमनच्या गणवेशात, घामाघूम, वॉर्डच्या दारात उभा. मला वाटलं आता हात उगारणार. तू निशीच्या खाटेजवळ गेलास आणि म्हणालास, "चल घरी." ती म्हणाली, "बाबा, चाललं का अजून धाप लागते." तू तिच्या पायांकडे बघत राहिलास. मग नर्सबाईंनी तुझं रक्त तपासायला मागितलं तर मुकाट्याने हात पुढे केलास. तुझ्यात एक वाटा निघाला. मी तुला कागद दाखवला. तू वाचलास, घडी केलीस, खिशात ठेवलास.

नंतर बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी तू जे बोललास त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. तू म्हणालास, "तूच लिवलंस ना, उरनारी उरली. आपून दोघं औषधाबिगर उरलो. निशी वीस वर्सं औषधाबिगर उरली. मंग हिला जन्मभर गोळ्यांवर कशाला बांधतेस? उरायची आसंल तर उरंल." मग म्हणालास, "आन ताई, येक सांग. ह्याच रगतानं आपून तापात मेलो नाय म्हनतेस. मंग तुजी चिमी गेली, ती आपून जगावं म्हनून का?"

सगळ्यात आधी मला कळलं ते हे, की तू पत्रं वाचलीस. सगळी. जना म्हणते, गणवेशाच्या खिशात घेऊन फिरतो. आणि काल तिचा निरोप आला की पुढच्या रविवारी निशीला सोडतील तेव्हा तू तिला वाडीवर नेणार आहेस आणि गोळ्या दवाखान्यात परत देणार आहेस. म्हणून उत्तर आता देते. शाळेत असं शिकवत नाहीत, मीही असं कधी शिकवलेलं नाही.

उरणारी उरतात हे खरं. पण तो हजार घरांचा हिशेब आहे. मागे वळून बघितल्यावर दिसणारा. त्यात कोण कोणासाठी मरत नाही. धाऊ आणि सोमी आपल्यासाठी मेली नाहीत, तापाने मेली. बाळी आपल्यासाठी कण्हली नाही, तिचं दुखत होतं म्हणून कण्हली. त्या हिशेबाला डोळे नाहीत, दया नाही, रागही नाही. त्याला आपल्यासारखी दोन उरली तरी चालतं आणि पाचही गेली तरी चालतं. मी तुला तो नियम समजावला, रक्त नासकं नाही हे कळावं म्हणून. तू त्यातून पोरीला कसं वागवायचं ते शोधलंस. नियमात ते नाही रे. पाऊस वरून खाली पडतो हा पण नियम आहे, म्हणून आपण घराला छप्पर घालायचं सोडतो का?

निशी औषधाशिवाय उरली म्हणतोस. उरली, कारण तिच्यासारख्या गेल्या त्या तुला दिसत नाहीत. त्या तुझ्या अंगणात येऊन बसत नाहीत. आपल्या वाडीवर अशा किती पोरी आळशी म्हणून गेल्या असतील, कोणी सांगावं? नियमाचं म्हणशील तर नियमाने निशीनेही आता जायला पाहिजे, मूलबाळ व्हायच्या आत, चिमीसारखं. दोन वाट्यांचं माणूस असंच जातं. त्याच्या आड आपल्याकडे ती एक गोळी आहे, आणि तू ती परत करायला निघालायस.

लग्नाबिग्नाचं मला विचारू नकोस. जगदीश पाळीवरून सुटला की तिच्याजवळ जाऊन बसतो, दोघं काय बोलतात मला माहीत नाही. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलंय, त्यांना पोरं झाली तर काय होऊ शकतं ते पण. निशी म्हणाली, आधी मी नीट चालते, मग बघू. जगदीश बरं म्हणाला. त्यांचं ते ठरवतील.

आता चिमीचं. आपण जगावं म्हणून ती गेली का, असं तू विचारलंस. असं काही असतं तर मला किती बरं वाटलं असतं, तुला कल्पना नाही. अकरा वर्षं मी मुलांना हेच शिकवते आहे, ह्या रक्ताने आपल्या लोकांना तापातून तारलं, आणि शिकवताना मनात कुठेतरी धरून बसले होते की तिचं जाणं ह्या कशात तरी जमा झालं असेल. तू टाकीपाशी तेच तोंडाने बोललास आणि मला ते ऐकवेना. कारण चिमी जन्मली तेव्हा तो ताप आपल्या वाडीतून जवळजवळ गेला होता. गोळ्या आल्या होत्या, रक्ताच्या काचपट्ट्या घ्यायला माणूस येत होता, तापाने पोर गेल्याचं आय शेवटचं कधी बोलली ते आठव. ज्या तापामुळे हे रक्त आपल्यात टिकलं तो तापच उरला नव्हता. तिच्या दुखण्याने कोणी वाचलं नाही. तू नाहीस, मी नाही, कोणीच नाही.

हे लिहिताना कागद दोनदा बदलला. पोपट मोठा दिवा लावून गेला. रडले मी, रोहिदास. बराच वेळ.

रविवारी ये. निशीला वाडीवर न्यायचं तर ने, तुझी मुलगी आहे. पण गोळ्यांची पिशवी तुझ्या हातात असू दे. चिमी फुकट गेली. हिला नको जाऊ देऊस.

ताई